पान १७७ ते १९२

चाळीस पानांचं प्रकरण दीड पानात बसवायचं, हे माझं काम होतं. नऊ वर्षं मी ते केलं. गाईडच्या मुखपृष्ठावर लेखकाच्या जागी ‘अनुभवी प्राध्यापक’ असं छापलेलं असायचं. ते अनुभवी प्राध्यापक म्हणजे मी. पहिलं गाईड लिहिलं तेव्हा माझा अनुभव पाच महिन्यांचा होता.

लातूरच्या एका कॉलेजात मी तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवायची. दर जूनला नवी ऑर्डर निघायची, नाही निघाली तर घरी बसायचं. बी.ए.ला एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी कादंबऱ्या लावलेल्या. मुलं मुखेड, बिलोली, धर्माबादकडची. पाचशे पानांची इंग्रजी कादंबरी त्यांनी वाचावी ही अपेक्षा अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांनाही नसावी. म्हणून गाईड. नांदेडचे एक प्रकाशक ती काढायचे, आम्ही सगळे त्यांना शेठ म्हणायचो. वर मराठीत प्रकरणाचा सारांश, खाली इंग्रजीत पाठ करण्याजोगं उत्तर.

या कामाचं एक तंत्र असतं. त्या काळच्या कादंबऱ्या मासिकांतून हप्त्यानं येत, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी कोणीतरी दार ठोठावतं. पुढच्या प्रकरणाची पहिली चार पानं धुकं, रस्ता, घोडागाडी आणि फर्निचर. ती सरळ कापायची. मग तीन गोष्टी शोधायच्या : कोण मेलं, कोणाचं लग्न ठरलं आणि कागद कोणाच्या हाती गेला. कागद म्हणजे मृत्युपत्र, पत्र, जन्माचा दाखला, काहीही. जुन्या कादंबऱ्या कागदांवर चालतात. आमच्या तहसील कचेरीसारख्याच.

गिऱ्हाईकंही तशीच. बहिःस्थ परीक्षा देणारा मुखेडचा एक हवालदार होता. कोणतीही कादंबरी पुढं ठेवली की पहिला प्रश्न, “मॅडम, आरोपी कोण?” आरोपी नसतो म्हटलं तर म्हणायचा, “मंग पाचशे पानं तपास कशाचा करून राहिलेत?” त्याला मी एका नायिकेचा नवरा आरोपी म्हणून दिला. तो पास झाला.

आता ज्या कादंबरीबद्दल सांगायचं आहे तिचं नाव सांगत नाही. तिच्या गाईडच्या झेरॉक्स अजून फिरतात.

गोष्ट एका गिरणीच्या गावातली. बाप मेल्यावर काकाकडं वाढलेली मुलगी. बाविसाव्या प्रकरणात तिला बापाचं जुनं पत्र सापडतं. गिरणी मुळात तिच्या आईची होती आणि काकानं ती लबाडीनं आपल्या नावावर करून घेतली, याचा तो एकमेव पुरावा. काका मरणाला टेकलेला. ती पत्र घेऊन त्याच्या खोलीच्या दाराशी येते, दार ठोठावते, आणि प्रकरण संपतं. पान १७६.

माझ्या प्रतीत त्यानंतर पान १९३ होतं.

छापील पुस्तक सोळा-सोळा पानांच्या घड्या शिवून तयार होतं. एका घडीला फर्मा म्हणतात. हैदराबादच्या फुटपाथवरून घेतलेल्या माझ्या प्रतीत बारावा फर्माच नव्हता. तेविसावं प्रकरण पूर्ण त्यातच. १९३ पानावर चोविसावं सुरू होतं. काकाची अंत्ययात्रा चालली आहे, पत्राचा कुठं उल्लेख नाही, आणि पुढं ती मुलगी परगावी शाळेत शिकवायला जाते.

प्रत विकत घेताना पानं मोजायला हवी होती. मोजली नाहीत. कॉलेजच्या लायब्ररीत चांगली प्रत होती, तिथं जाऊन तेवढी पानं वाचायची असं ठरवलं आणि बाकीचं गाईड लिहून काढलं. मग गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या पहाटे भूकंप झाला.

लातूर शहर शाबूत राहिलं. दक्षिणेकडची गावं उरली नाहीत. त्याबद्दल ज्यांनी सोसलं त्यांनी लिहावं. मी फक्त आलेल्या कपड्यांच्या ढिगातून धडके कपडे वेगळे काढायचं काम केलं. आम्ही घरासमोरच्या मैदानात ताडपत्रीखाली राहत होतो. दिवसातून दोनदा जमीन हलायची. चहाचे कप आधी वाजायचे, मग माणसं उठायची. लायब्ररीच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत तडा गेला होता. इंजिनिअरनं इमारतीला कुलूप लावून शिक्का मारला.

अशात शेठ स्वतः जीप घेऊन आले. मदतीचा तांदूळ आणला होता. तो उतरवून झाल्यावर म्हणाले, “मॅडम, लोकं बाहेर झोपून राहिलेत, मलाबी दिसतंय. पण गाईड दिवाळीनंतर गेलं तर कुणी हात लावत न्हाई. किती राहिलं?”

“एक प्रकरण. पानंच नाहीत माझ्याकडं.”

“आगं-मागं तर हाय ना? मधलं जुळवा. लई शहाणी परीक्षा न्हाई आपली.”

नांदेडला प्रत शोधून पाठवा, असं मी त्यांना म्हणू शकले असते. जीप परत तिकडंच चालली होती. म्हटलं नाही. पाठीमागं जमीन हलली, शेठ चटकन जीपपासून दूर सरकले, आणि मला एवढंच वाटलं की हे एकदाचं संपावं. गुडघ्यावर पॅड ठेवून मी तेविसावं प्रकरण रचलं. काका हात जोडतो, मुलीला दया येते, घराण्याची अब्रू राखायला ती पत्र शेगडीत टाकते आणि डोळे पुसत बाहेर पडते. खाली उत्तर : नायिका क्षमाशील, त्यागी आणि सोशिक आहे.

दीड पान बरोबर भरलं. शेठ थांबून राहिले होते, ते घेऊन गेले.

लायब्ररी चार-पाच महिन्यांनी उघडली. मी आत जायची, इतर पुस्तकं काढायची. ती कादंबरी काढली नाही. विसरले नव्हते. मुद्दाम काढली नाही. आणि मग एका वर्षी परीक्षेत तेविसाव्या प्रकरणावर पंधरा मार्कांचा प्रश्न आला, नायिकेचा स्वभाव सांगा म्हणून, आणि नमुना उत्तरात माझीच शेगडी होती. मुलांनी जाळलं, परीक्षकांनी जाळलं, नवीन लागलेल्या प्राध्यापकांनीही जाळलं. मी निश्चिंत झाले. हा प्रश्न पुढं वर्षाआड येत राहिला.

तोपर्यंत लातूर बदललं होतं. भूकंपानंतर रिकाम्या झालेल्या आमच्या गल्लीत क्लासचे बोर्ड लागले. घरांवर मजले चढले. भूकंपात याच भिंतींना भिऊन पळालेली माणसं आता त्यांच्यावर तिसरा स्लॅब टाकून पोरं ठेवू लागली. आमच्या वरच्या खोल्यांत अकरावी-बारावीच्या सहा मुली राहायच्या, दिवसभर मोठ्यानं पाठांतर. माझ्या बी.ए.च्या वर्गात मात्र बाकं मोकळी पडत चालली. ऑर्डर निघेल की नाही ही धाकधूक दर उन्हाळ्यात वाढत होती.

अशा एका उन्हाळ्यात नांदेडला पेपर तपासायला बसले होते. मोठा हॉल, कूलरचा आवाज, टेबलावर गठ्ठे. नंबर झाकलेले. तोच प्रश्न. जाळलं, जाळलं, जाळलं. माझा हात आपोआप नऊ, दहा, नऊ असे मार्क देत होता. आणि एका पेपरात वाचलं : ती पत्र जाळत नाही.

मी पेन खाली ठेवलं.

काका म्हणतो, आधी ती खिडकी लाव. खाली आवारात गिरणीचे कामगार त्याच्या तब्येतीची बातमी ऐकायला जमलेले असतात. मुलगी खिडकीपाशी जाते आणि तिचं दुसरं दारही उघडते. मग उभी राहून पत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्यानं वाचते. घडी घालते, काकाच्या हातात देते. तो ते सोडत नाही, त्याच्यासोबतच ते पुरलं जाणार. पेपर लिहिणाऱ्यानं पुढं लिहिलं होतं : नायिका क्षमाशील नाही. तिला गिरणी नको, तिला खरं काय ते लोकांनी ऐकायला हवं आहे.

त्या हॉलमध्ये तीस-चाळीस परीक्षक होते. जाळलेलं पत्र खोटं आहे हे माहीत असलेली मी एकटी. आणि हे उत्तर खरं आहे हे मला लगेच कळलं. खिडकी, आवार, दुसरं दार, एवढा तपशील कोणी उगाच रचत नाही. मी रचलं तेव्हा एका शेगडीवर भागवलं होतं.

पर्यवेक्षक मागून आले. “काय मॅडम, अडलं का काही?”

“नाही,” म्हणाले आणि पंधरापैकी दोन मार्क दिले. दोन कशाचे? अक्षर चांगलं होतं. पेपर सहा मार्कांनी नापास होत होता, बेरीज करताना तेही दिसलं. गठ्ठा बांधून दिला.

निकालानंतर आठवड्याभरात, भर दुपारी, आमच्या दाराशी एक गृहस्थ आणि एक मुलगी आले. नांदेडहून एसटीनं आले होते. गृहस्थांच्या बोटांवर वाळलेली खळ, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मुलीच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं पुस्तक.

“इस्माईल जिल्दसाज,” ते म्हणाले. “शेठची गाईडं मीच बांधतो मॅडम. प्रुफं तुमच्याकडं यायची ना, तो पत्ता म्हाईत होता. ही माझी रुख्साना.”

मी पाणी दिलं. वर मुलींचं पाठांतर चाललं होतं, हृदयाचे कप्पे.

रुख्सानानं फडकं सोडलं. एका जुन्या लायब्ररीनं जिल्द बदलायला दिलेल्या पुस्तकांत तिला ही कादंबरी सापडली होती. बापानं शिलाई उसवायच्या आधी तिनं डिक्शनरी घेऊन सगळी वाचली. तीन महिने लागले. लायब्ररीवाले रोज निरोप पाठवायचे आणि हे रोज सांगायचे, खळ वाळून नाही राहिली. तिनं पान १७७ काढून माझ्यापुढं ठेवलं. मी वाचू लागले. खिडकी होती. आवार होतं. दुसरं दारही होतं.

“मी हेच लिहिलं मॅडम,” ती म्हणाली. “या एकाच पेपरात सहा मार्कांनी गेले. रीव्हॅल्युएशनचा फॉर्म भरलाय. पण तपासणारे पुन्हा गाईडचंच उत्तर बघतील ना? बी.एड.ची यादी दहा दिवसांनी बंद होतेय.”

“पुढच्या साली बघू म्हटलं असतं,” इस्माईलभाई म्हणाले. “पण मला आता सुईत दोरा दिसत न्हाई. डॉक्टर म्हंतो एक डोळा गेल्यात जमा. पुढच्या साली मी शिकवू शकन का न्हाई, मलाच म्हाईत न्हाई.” मग बोटांवरची खळ खरवडत, “त्या गाईडला पिना मीच मारल्या हो. हजारानं मारल्या. आत काय हाय बघितलं न्हाई.”

मी म्हणाले, “विद्यापीठाचं काम आहे. फॉर्म भरलात ना? वाट बघा.”

रुख्साना पुस्तक गुंडाळू लागली. चिडली नव्हती, हिशेब मांडत होती. “तपासणाऱ्यानं अर्धे तरी दिले असतील असं वाटलं होतं. सात, आठ. त्याहून कमी दिल्याशिवाय एवढं खाली येत नाही.”

“दोन दिले,” मी म्हणाले.

तोंडून गेलं. इस्माईलभाईंना आधी कळलं. त्यांनी चष्मा काढला आणि पुसत बसले. रुख्सानानं विचारलं, “तुम्हाला कसं माहीत?”

“मीच दिले.”

“उत्तर खरं आहे हे माहीत नव्हतं तुम्हाला?”

“कळलं होतं.”

वरच्या मुली हृदयाच्या चौथ्या कप्प्यापर्यंत आल्या होत्या. रुख्साना शिव्या देईल असं वाटलं. तिनं बापाकडं बघितलं आणि म्हणाली, “अब्बा, पाचची गाडी मिळंल. चला.” ती उठली. बाप उठला नाही. ते माझ्याकडं बघत होते.

“पुस्तक ठेवून जा,” मी म्हणाले. “उद्या मी नांदेडला येते.”

“लायब्ररीचं हाय मॅडम,” इस्माईलभाई म्हणाले. “गहाळ करू नका.” या माणसाला मला टोमणा मारायचा नव्हता. तरी बसला.

नमुना उत्तर ठरवणारे मोरे सर चांगले होते. माझी ऑर्डर दोनदा त्यांच्या शब्दावर निघाली होती. त्यांच्या खोलीत चार प्राध्यापक बसून रीव्हॅल्युएशनचे पेपर बघत होते. मी पुस्तक हातात धरूनच काय झालं ते सरांना हळू आवाजात सांगितलं. सर उठून मला शेजारच्या लहान खोलीत घेऊन गेले.

“दार लावून घ्या मॅडम.”

मी उभीच राहिले.

“गाईड तुम्ही लिहिलं हे तुम्ही मला सांगितलंच नाही, असं धरू,” ते म्हणाले. “प्राध्यापकानं गाईड लिहिणं नियमात बसत नाही. परत परीक्षकही तुम्हीच. लेखी गेलं तर जूनमध्ये ऑर्डर नाही. कळतंय का?”

“कळतंय. त्या मुलीचं काय?”

“ती एकटी आहे. बाकी सगळ्यांनी जाळलंय. तिचं बरोबर म्हटलं की त्यांचं चूक. किती निकाल फिरवू? नमुना उत्तरावर माझी सही आहे, मॅडम.” मग आवाज उतरवून, “तिला म्हणावं ऑक्टोबरला बस. तो प्रश्न येणार नाही एवढं मी बघतो. दार लावा आधी.”

ऑक्टोबर म्हणजे बी.एड.चं वर्ष गेलं. आणि दोऱ्यानं बांधलेला तो चष्मा काही वर्षभर टिकणारा नव्हता. सरांनी तिसऱ्यांदा दाराकडं हात केला.

मी धीट बाई नाही. पण सोळा पानं माझ्या हातात होती आणि ती मी सात वर्षं वाचली नव्हती. मी दारातच उभी राहिले, चौघांना ऐकू येईल असं म्हणाले, “सर, प्रकरण तेवीस,” आणि वाचायला सुरुवात केली. इंग्रजी, पहिल्या ओळीपासून. पहिलं पान संपेपर्यंत कोणी वर बघितलं नाही. काका खिडकी लावायला सांगतो तिथं एका म्हाताऱ्या प्राध्यापकांनी पेन ठेवलं. तिसऱ्या पानावर चौघांनीही ठेवलं होतं. सगळी सोळा पानं वाचू दिली नाहीत. पत्राचं वाचन संपलं तिथं ते म्हातारे प्राध्यापक म्हणाले, “मोरे सर, हे मी कधी वाचलंच नव्हतं. पंचवीस वर्षं शिकवतोय.”

कोणीच वाचलं नव्हतं.

मी तिथंच बसून लेखी दिलं : सारांश मी रचला, मूळ पुस्तकात तसं नाही, चूक माझी आहे, ज्यांनी जाळलं त्यांनी शिकवलेलं लिहिलं म्हणून त्यांचे मार्क जाऊ नयेत, आणि जिनं वाचलं तिला तिचे मिळावेत. खाली सही. नऊ वर्षं मी बिननावाचं लिहिलं, नावानिशी दिलेलं पहिलं लेखन हे. सरांनी ते दोनदा वाचलं. “इंग्रजी चांगलं आहे तुमचं,” म्हणाले. रागानंच म्हणाले, पण म्हणाले. काकानं खिडकी लावायला सांगितली होती आणि सरांनी दार, हे माझ्या ध्यानात परतीच्या गाडीत आलं, आणि शेजारची बाई विचारू लागली की काय झालं हसायला.

त्यानंतरचे नऊ दिवस वाईट गेले. दोनदा विद्यापीठात फोन केला, दोनदा “कागद फिरतोय” असं उत्तर मिळालं. जुन्या कादंबरीत कागद फिरतो तेव्हा वाचायला बरं वाटतं. यादी बंद व्हायच्या दिवशी दुपारी चार वाजून गेले तरी काही कळलं नाही. साडेचारला शेजारच्या एस.टी.डी. बूथवरचा माणूस हाक मारत आला. फोनवर इस्माईलभाई होते.

“मॅडम, कागद भेटला. तीनला भेटला. पोरगी तशीच पळाली, रिक्षाबी थांबवली न्हाई. जमा झालं.”

“किती मिळाले?”

“अकरा म्हंती. पंधरापैकी अकराच का, म्हणून भांडून राहिली.”

जूनमध्ये माझी ऑर्डर निघाली नाही. शेठ म्हणाले, “मॅडम, मी जुळवा म्हटलं होतं, कबूल करा असं कुठं म्हटलं?” पुढची आवृत्ती त्यांनी तशीच काढली. तक्रार करायला मी कोणत्या तोंडानं जाणार होते?

मी क्लासमध्ये शिकवू लागले. अजून शिकवते. विज्ञानाच्या मुलांना इंग्रजीचे उतारे सोडवायला शिकवायचं, हे काम. संचालक म्हणतात, “गोष्ट सांगत बसू नका, उत्तर कसं हुडकायचं ते सांगा.” तरी मी आठवड्यातून एक उतारा जुन्या कादंबऱ्यांतून काढते. रुख्साना आता धर्माबादला शिकवते, दिवाळीला फोन करते, त्या दोन मार्कांबद्दल कधी बोलत नाही. मीही बोलत नाही. त्या वर्षी इस्माईलभाईंनी माझी हैदराबादची प्रत मागवून घेतली, लायब्ररीच्या पुस्तकावरून बारावा फर्मा झेरॉक्स केला आणि शिवून परत पाठवली. टाके वाकडेतिकडे आहेत. त्यांनी शिवलेलं ते बहुधा शेवटचं पुस्तक. जुन्या पिवळ्या पानांत ती सोळा पांढरी दिसतात, पुस्तक टेबलावर ठेवलं की तिथंच उघडतं.

गेल्या महिन्यात वर्गात त्या कादंबरीची गोष्ट बाविसाव्या प्रकरणापर्यंत आणली होती. ती दार ठोठावते, इथं थांबले. दुसऱ्या बाकावरची मुखेडची एक मुलगी लगेच म्हणाली, “मॅडम, मला म्हाईत हाय. ती पत्र जाळती.”

“कोणी सांगितलं?”

“माझ्या मावशीच्या गाईडात हाय. मावशी बी.ए. झालीय त्याच्यावर.” मग मला समजावत, “लई सोशिक असती ती.”

वर्ग हसला. मी पिशवीतून पुस्तक काढून तिच्यापुढं ठेवलं. ते आपोआप उघडलं.

“हे वाच. मोठ्यानं.”

तिनं पांढऱ्या पानांवरून बोट फिरवलं, मग बाहेरच्या रस्त्याकडं बघितलं. शेजारच्या तीन क्लासची मुलं एकदम सुटली होती, हॉर्न आणि सायकलींचा गोंधळ चालला होता.

“खिडकी लावू का मॅडम? लई आवाज हाय.”

“राहू दे,” मी म्हणाले. “तू मोठ्यानं वाच.”